पंधरवड्याला चार आणे



‘इंधनाचे भाव आणि सामान्य माणूस’ या विषयावर बोला, असं मला सांगण्यात आलं तेव्हा पहिल्यांदा डोळ्यांपुढे पेट्रोल पंपच आला. कुणाच्याही येईल. पेट्रोल दोन रुपयांनी वाढलं की पहिल्या पानावर बातमी येते, बैलगाडीवर मोटारसायकल चढवून मोर्चा निघतो, दुसऱ्या दिवशी त्याचा फोटो छापून येतो. पण आमच्या गल्लीत पेट्रोलच्या भावावर सहसा भांडणं झाली नाहीत. भांडणं झाली ती रॉकेलवर. गेल्या काही वर्षांत हे रॉकेल आपल्या घरांतून असं गुपचूप निघून गेलं, की त्याच्या जाण्याची बातमीसुद्धा कुठे ठळक झाली नाही. आज मी त्याच्याबद्दलच बोलणार आहे. अर्थशास्त्र हा माझा विषय नव्हे. बी.ए.ला मी मराठी घेतलं होतं. तेव्हा आकडे मी बेतानेच सांगेन.

सुरुवात शब्दापासून करतो, ती माझी खोड आहे. ‘रॉकेल’ म्हणजे इंग्रजीतलं रॉक ऑइल, दगडातलं तेल. ‘घासलेट’ म्हणजे गॅसलाइट. आमच्या घरात, दखनी बोलीत, त्याला ‘मिट्टी का तेल’ म्हणत. लहानपणी मला खरंच वाटायचं की माती पिळून हे तेल काढत असतील. हिंदीत तर १९२०च्या दशकात बनारसीदास चतुर्वेदींनी हलक्या, भडक लिखाणाला ‘घासलेटी साहित्य’ असं नाव ठेवलं. म्हणजे बघा, साहित्यातसुद्धा घासलेट गरिबाघरचंच ठरलं. तुपाचा मान त्याला कधी मिळाला नाही. आणि तरीही मराठीतल्या कितीतरी लेखकांचा अभ्यास चिमणीच्या आणि कंदिलाच्या उजेडात झाला, हे त्यांच्या आत्मचरित्रांत आपण वाचत आलो आहोत.

आमचा नांदगाव तालुका. मनमाड जंक्शन सगळ्यांना ठाऊक आहे. मनमाडजवळ पानेवाडीला तेल कंपन्यांचे मोठे डेपो आहेत. मुंबईहून पाइपलाइनने तेल येतं आणि टँकर भरून ते खानदेशात, मराठवाड्यात जातं. आमच्या अंगणातून हजारो लिटर तेल रोज जायचं, आणि आम्ही पाच लिटरचा डबा घेऊन रेशनच्या रांगेत उभे असायचो. घरातली डोकी मोजून रॉकेल मिळे. दुकानाबाहेर पाटीवर खडूने लिहिलेलं असे, ‘रॉकेल आले आहे’, किंवा बहुतेक वेळा, ‘रॉकेल नाही’. माणसं जेवायला घरी गेली तर रांगेत त्यांचे डबे उभे असत. डब्याला माणसाइतकाच मान होता. डबा सरकवला म्हणून बायकांची भांडणं होत. काही गल्ल्यांत परवानाधारक फेरीवाले हातगाडीवर पिंप घेऊन येत. पिंपाला खाली तोटी, आणि गाडीला टांगलेली लिटरची, अर्ध्या लिटरची मापं. माप भरताना फेस येतो आणि फेसाचेही पैसे लागतात, हे गणित मला शाळेत जायच्या आधी कळलं.

घरात दोन स्टोव्ह होते. एक वातीचा, एक हवेचा. हवेच्या स्टोव्हला पंप मारायचा, बर्नर चोंदला की पिन मारायची. त्याचा आवाज मोठा, पण स्वयंपाक लवकर होई. वातीचा शांत, पण भांडी काळी करणारा. अम्मी रमजानच्या आधीच्या महिन्यापासून रॉकेल साठवायला लागे, कारण पहाटेच्या सहरीला चूल पेटवत बसायला वेळ नसतो. शेजारच्या काकू दिवाळीच्या फराळासाठी असंच साठवत. मग शाबानमध्ये काकूंच्या कार्डावरचं दोन लिटर आमच्याकडे येई आणि आश्विनात आमचं त्यांच्याकडे जाई. यात कुणी फार मोठं काही करतोय असं कुणालाच वाटत नव्हतं. हिशेब भिंतीवर कोळशाने लिहिलेला असे आणि उसनं चुकतं केलं की पुसला जाई.

आता हे रॉकेल स्वस्त का होतं, तर सरकारने ते ठरवून स्वस्त ठेवलं होतं. १९७३ च्या अरब-इस्रायल युद्धानंतर काही महिन्यांत जगात कच्च्या तेलाचा भाव जवळजवळ चौपट झाला. पुढची अनेक वर्षं आपल्याकडे तेलाच्या प्रत्येक प्रकाराचा भाव सरकार ठरवत असे. पेट्रोल आणि विमानाचं इंधन महाग ठेवायचं, त्यातून येणाऱ्या पैशातून रॉकेल, घरगुती गॅस स्वस्त ठेवायचा, आणि हा जमाखर्च एका सामाईक खात्यातून, ‘ऑइल पूल’मधून, चालवायचा. मोटारवाल्याने स्टोव्हवाल्याला थोडा हात द्यावा, अशी ती व्यवस्था. एप्रिल २००२ मध्ये ती औपचारिकरीत्या संपली आणि रॉकेल-गॅसचा भार अर्थसंकल्पावर आणि तेल कंपन्यांवर आला. मग ‘अंडर-रिकव्हरी’ हा शब्द आपल्या कानांवर पडू लागला. ऐकणाऱ्याला वाटे, कंपन्या तोट्यात बुडाल्या. प्रत्यक्षात त्याचा अर्थ होता, जागतिक बाजाराच्या हिशेबाने जो भाव यायला हवा होता आणि जो आला, त्यांतला फरक. वहीतला तोटा आणि न मिळालेला भाव यांत अंतर असतं. ते अंतर सांगणारं आम्हाला कुणी भेटलं नाही.

या स्वस्ताईच्या पोटातच चोरी होती, हे मात्र मान्य करायलाच हवं. रॉकेल आणि डिझेल ही सख्खी भावंडं. एकाचा भाव दुसऱ्याच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्शाइतका ठेवला, की त्यांची भेट कुणीतरी घालून देणारच. रेशनच्या रॉकेलला ओळखू यावं म्हणून निळा रंग दिला गेला, तर रंग उडवण्याच्या युक्त्या निघाल्या. रिक्षांचा धूर नाकाला झोंबायला लागला. रिक्षावाले म्हणत, ‘‘चाचा, इंजिन खातंय, पण पोट चालतंय.’’ देशात रेशनच्या रॉकेलचा एक तृतीयांशाहून जास्त भाग भलतीकडे जातो, असे अभ्यास २००५ च्या सुमारास प्रसिद्ध झाले. आम्हाला त्यासाठी अभ्यासाची गरज नव्हती. ‘रॉकेल नाही’ ही पाटी आम्ही वाचतच होतो.

आणि मग २५ जानेवारी २०११ आला. प्रजासत्ताक दिनाच्या आदल्या दिवशीची दुपार. मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे मनमाडजवळून जात होते. पानेवाडीच्या एका धाब्याजवळ त्यांना तेलचोरी चाललेली दिसली. ते थांबले. त्यांना तिथे भर दिवसा तेल टाकून पेटवून देण्यात आलं. राज्यभरातल्या सरकारी कर्मचाऱ्यांनी काम बंद ठेवून निषेध केला, धाडी पडल्या, धाबे पाडले गेले. त्याआधी २००५ मध्ये उत्तर प्रदेशात लखीमपूर खीरीला इंडियन ऑइलचे तरुण अधिकारी मंजुनाथ षण्मुगम यांचा असाच भेसळ उघड केल्यामुळे खून झाला होता. ज्या रस्त्यावर सोनवणे गेले, तो माझा रोजचा रस्ता. त्या दिवसानंतर बरेच दिवस आमच्या गल्लीत कुणी रॉकेलवरून भांडलं नाही. गल्ली इतकी शांत मी कधी पाहिली नव्हती.

लिटरमागे काही रुपयांच्या फरकासाठी जिथे माणूस जाळला जातो, तिथे तो फरक मिटवला पाहिजे, असं दिल्लीतल्या शहाण्या माणसांनी म्हटलं तर त्यांना चूक कसं म्हणायचं? मी म्हणत नाही. माझी तक्रार वेगळी आहे. चोर टँकरवर होता आणि बिल मात्र डबेवाल्याकडे आलं.

ते कसं आलं, तेही पाहण्यासारखं आहे. जून २०१० मध्ये रॉकेल एकदम तीन रुपयांनी वाढवलं तेव्हा बोंब झाली होती. नंतर जाणत्यांनी दुसरी रीत काढली. जुलै २०१६ पासून दर ठरावीक मुदतीने, आधी महिन्याला आणि मग पंधरवड्याला, लिटरमागे पंचवीस पैसे वाढवायचे. चार आणे! गंमत अशी, की चार आण्यांचं नाणं ३० जून २०११ लाच चलनातून रद्द झालेलं होतं. जे नाणं कुणाच्या खिशात नव्हतं, त्या नाण्याने भाव चढत होता. चार आण्यांसाठी मोर्चा कोण काढणार? बैलगाडी आणायची तर तिचं भाडं जास्त होईल. जून २०१६ मध्ये मुंबईत रेशनचं रॉकेल लिटरला पंधरा रुपयांच्या आसपास होतं, २०२० च्या सुरुवातीला ते छत्तीस रुपयांपर्यंत पोहोचलं. अनुदान शून्यावर आलं. फेब्रुवारी २०२१ च्या अर्थसंकल्पात रॉकेलच्या अनुदानासाठी तरतूदच नव्हती. भाव दुपटीहून जास्त झाला आणि एकाही वर्तमानपत्राला त्यासाठी मोठा मथळा करावा लागला नाही. कवी म्हणून मला या रीतीचं कौतुकच वाटतं. इतक्या हळू आवाजात इतकी मोठी गोष्ट सांगणं आम्हाला जमत नाही.

दरम्यान कोटाही आटत गेला. सुट्या पैशांचा प्रश्न दुकानदाराने आपल्या बाजूने सोडवला, म्हणजे सव्वाचा दीड केला. आमच्या गल्लीत हातगाडी घेऊन येणारा फेरीवाला काही दिवस रिकामी गाडी दारात उभी करून बसे. आता तो त्याच गाडीवर पिण्याच्या पाण्याचे वीस लिटरचे जार पोचवतो. परवाना अजून त्याने प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवला आहे.

इथे रॉकेलच्या विरुद्ध बाजूनेही बोललं पाहिजे, नाहीतर मी एका वाईट वस्तूचा पोवाडा गातोय असं वाटेल. रॉकेलच्या दिव्याने डोळे चुरचुरत, नाकात काजळी बसे. २०११ च्या जनगणनेत देशातली ३१ टक्के कुटुंबं उजेडासाठी रॉकेलवर होती. स्वयंपाकासाठी रॉकेल मुख्यतः वापरणारी तीन टक्केसुद्धा नव्हती. म्हणजे सरकार ज्याला चुलीचं इंधन समजत होतं, ते खेड्यात मुख्यतः दिव्यात जळत होतं. तिथे वीज पोचवणं हाच खरा उपाय होता आणि वीज बऱ्याच ठिकाणी पोचली, हे चांगलंच झालं. आणि दुसरी गोष्ट बोलायला जड जाते. ‘स्टोव्हचा भडका उडून विवाहितेचा मृत्यू’ ही ओळ ऐंशीच्या दशकात वर्तमानपत्रांत इतक्या वेळा छापली गेली, की तिचे खिळे जुळवून ठेवलेले असावेत. भडका नेहमी सुनेच्याच हातून कसा उडतो, सासूच्या का नाही, हा प्रश्न विचारणाऱ्या बायका मोर्चे घेऊन रस्त्यावर आल्या, तेव्हा कायदे बदलले. तो पाच लिटरचा डबा घराच्या कोपऱ्यात असणं म्हणजे काय होतं, हे त्या घरातल्या बाईला विचारावं. रॉकेल गेलं म्हणून हळहळणारे बहुधा पुरुष असतात, हे मी माझ्याकडे बघूनच म्हणतो.

तेव्हा रॉकेल जावं आणि गॅस यावा, ही दिशा बरोबर. पण गॅस कसा आला? आधी रेशनकार्डावर ‘गॅसधारक’ असा शिक्का बसला. एक सिलिंडर, दोन सिलिंडर अशी नोंद झाली आणि त्या हिशेबाने रॉकेल कमी वा बंद झालं. सप्टेंबर २०१२ मध्ये ठरलं, वर्षाला सहाच सिलिंडर सवलतीत. जानेवारी २०१३ मध्ये नऊ झाले, २०१४ च्या सुरुवातीला बारा. माणसाची भूक दीड वर्षात दुप्पट झाली, की निवडणूक जवळ आली, तुम्हीच ठरवा. जानेवारी २०१५ पासून देशभर पद्धत बदलली. पूर्ण भाव आधी मोजायचा, सवलत मागाहून बँकेत. नोकरदाराला यात फरक पडत नाही. रोजंदारीवाल्याला पडतो. त्याच्याकडे ‘मागाहून’ नसतं. मोबाइलवर सवलत जमा झाल्याचा संदेश येई, तेव्हा बँक दुसऱ्या गावात आणि बँकेपर्यंतचं एस.टी.चं भाडं वेगळं.

१ मे २०१६ ला बलियामध्ये उज्ज्वला योजना सुरू झाली. गरीब घरातल्या बाईच्या नावावर गॅसजोडणी. ७ सप्टेंबर २०१९ ला आठ कोटीवी जोडणी आपल्या औरंगाबादेत दिली गेली. मी त्या योजनेची टिंगल करणार नाही. आमच्या गल्लीतल्या अनेक बायकांच्या नावावर आयुष्यात पहिल्यांदा काही झालं, ते हे सिलिंडर. निकाहनामा सोडला तर त्यांची सही कुठे लागलीच नव्हती. पण जोडणी एकदाच घ्यायची असते आणि सिलिंडर पुन्हापुन्हा भरायचा असतो. २०२० च्या मध्यापासून सवलत बहुतेकांच्या खात्यात येणं थांबलं आणि जुलै २०२२ मध्ये मुंबईत सिलिंडर १,०५२ रुपये ५० पैशांवर गेला. त्याआधी मे महिन्यात उज्ज्वलाच्या ग्राहकांना दोनशे रुपयांची सवलत द्यायला सुरुवात झाली होती, पुढे ऑक्टोबर २०२३ मध्ये ती तीनशे झाली. ऑगस्ट २०२३ मध्ये सगळ्यांसाठी दोनशे उतरवले, ८ मार्च २०२४ ला, महिला दिनी, आणखी शंभर. एप्रिल २०२५ मध्ये पन्नास पुन्हा चढवले. २०२४ मध्ये राज्य सरकारने पात्र कुटुंबांना वर्षाला तीन सिलिंडर मोफत देणारी अन्नपूर्णा योजना आणली. इतका चढउतार झाल्यावर उज्ज्वलाचं कुटुंब वर्षाला किती सिलिंडर भरतं? सरकारी आकड्यांतच सरासरी २०२३-२४ मध्ये चारच्या आत आहे. वर्षाचे महिने बारा. उरलेल्या महिन्यांत त्या घरात काय जळतं, हा रकाना तक्त्यात नसतो.

डिझेलबद्दल थोडक्यात सांगतो, कारण त्याचा धक्का आपल्या एस.टी.ला बसला होता. जानेवारी २०१३ मध्ये सरकारने ठरवलं की घाऊक खरेदीदाराला डिझेल पूर्ण बाजारभावाने, किरकोळ ग्राहकाला सवलतीने. म्हणजे आलिशान मोटारीला स्वस्त डिझेल आणि पन्नास माणसं नेणाऱ्या लाल गाडीला महाग. मग एस.टी.च्या गाड्या आगाराचा पंप सोडून रस्त्यावरच्या पंपावर रांगेत उभ्या राहिल्या. रेशनच्या रांगेत आयुष्य काढलेल्या प्रवाशांना त्यात नवल वाटलं नाही.

पेट्रोलचे भाव जून २०१० पासून आणि डिझेलचे ऑक्टोबर २०१४ पासून ‘बाजार ठरवतो’, असं सांगितलं जातं. जून २०१७ पासून तर ते रोज बदलायला लागले. पण मे २०१८ मध्ये कर्नाटकात निवडणूक होती तेव्हा हा बाजार एकोणीस दिवस गप्प बसला होता. मतदान झालं आणि त्याला पुन्हा कंठ फुटला. आणि २०२० मध्ये टाळेबंदीत जगात तेल मातीमोल झालं, भारताला कच्चं तेल पिंपाला वीस डॉलरच्या आसपास पडत होतं, तेव्हा मे महिन्यात एका रात्रीत केंद्राने पेट्रोलवर लिटरला दहा आणि डिझेलवर तेरा रुपये कर वाढवला. स्वस्ताई आली ती सरकारच्या तिजोरीत उतरली. आमच्यापर्यंत आली नाही. त्यावर राज्याचा कर वेगळा. दोन्हीकडचे पुढारी एकमेकांकडे बोट दाखवतात आणि दोघांचीही बोटं खरी असतात. २०२१ च्या मे अखेरीस मुंबईत पेट्रोलने शंभरी ओलांडली. परभणीकरांना त्याचं काहीच वाटलं नाही, ते त्याआधीच तिथे पोचलेले होते. परभणीला पेट्रोल राज्यात सर्वांत महाग असल्याच्या बातम्या नेहमी येतात. त्याचं एक कारण म्हणजे ते आमच्या मनमाडच्या डेपोतून सुमारे तीनशे किलोमीटर दूर जातं आणि वाहतुकीचा खर्च त्यात चढतो. टँकर आमच्या दारातून जातो, भाडं परभणीचा शेतमजूर भरतो.

आमच्या गल्लीत एक खाला आहेत. नवरा गेल्यावर त्यांनी बाजारपेठेतल्या मुनीम-कामगारांना भाकरी-पोळ्या पोचवून तीन मुलं वाढवली. वीस वर्षं हवेच्या स्टोव्हवर. रॉकेल महागलं तेव्हा त्यांनी उज्ज्वलाचा गॅस घेतला. गॅसवर भाकरीचा धंदा परवडेना, कारण घरगुती सिलिंडर धंद्याला वापरायचा नाही आणि धंद्याचा निळा सिलिंडर घ्यायचा तर भाकरीला दुप्पट भाव लावावा लागेल. गिऱ्हाईक म्हणतं, ‘‘खाला, एक रुपया वाढवा, दोन नको.’’ मग परसात चूल आली. लाल सिलिंडर आत ओट्याखाली, वर धुतलेला रुमाल घातलेला. तो पाहुणे आले की, नाहीतर कुणी आजारी असलं की.

मध्यंतरी पावसाळ्यात मी त्यांच्याकडे गेलो होतो. लाकडं ओली होती. पूर्वी ओल्या लाकडावर अर्धी वाटी रॉकेल शिंपडलं की काम होई. त्या म्हणाल्या, ‘‘भाईजान, तुम्ही रेडिओवर बोलता ना, विचारा की, महिन्याला एक बाटली तरी मिळेल का? जाळायला नको, नुसतं पेटवायला.’’ मी काही बोललो नाही. त्यांनी कोपऱ्यातली पिशवी ओढली. तिच्यात दुधाच्या रिकाम्या पिशव्या, वेफर्सची पाकिटं आणि सायकलच्या जुन्या टायरचे तुकडे होते. एक तुकडा त्यांनी काडीने पेटवला आणि लाकडाखाली सरकवला. काळा धूर निघाला. दारात अभ्यास करत बसलेल्या नातीला त्यांनी हाताने मागे सरकायची खूण केली आणि परातीत पीठ घेतलं.